मी आहे ना

हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "घाई नाही. पुन्हा करू या. चुकलं तर चुकलं, काही मोडत नाही, काही फुटत नाही," आणि तो आवाज आपल्या नवऱ्याचा आहे हे तिला चटकन कळलंच नाही. कुणीतरी नवीन माणूस आलाय, बरा बोलतोय, एवढंच मनात आलं. ती वाचनालयाच्या मागच्या टेबलाशी बसून फाटलेल्या पुस्तकांच्या पाठींना डिंक लावत होती. दर रविवारी सकाळी दोघं इथे यायची. ती पुस्तकं दुरुस्त करायची आणि तो म्हाताऱ्या माणसांना मोबाईल वापरायला शिकवायचा. तिने मान वर करून पाहिलं तर नवराच होता. त्याच्यासमोर टोपीआजी बसल्या होत्या. बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून सगळ्यांच्या टोपीआजी. त्या नातवाला फोटो पाठवायला शिकत होत्या आणि दर खेपेला तो पाठवायच्या ऐवजी पुसून टाकत होत्या. "गेला मेला," म्हणत होत्या. नवरा हसत होता. शिकणाऱ्याचा फोन आपण हातात घ्यायचा नाही असा तिथला नियम होता, म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते, आणि जरासा वाकून, मान कलती करून, तो त्या थरथरत्या बोटाकडे बघत होता. मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हाही त्याने असं बघितलं असेल का? तिला आठवेना. "हां, आता उजवीकडे. तुमच्या उजवीकडे. वा!" तिच्या ब्रशवरचा डिंक टपकून पानावर पडला. ती पुसायला गेली तर पान आणखीच चिकटलं. राग म्हणावा तर राग नव्हता. आपल्याच घरातली एक खोली इतकी वर्षं बंद होती आणि दर रविवारी परकी माणसं तिथे येऊन आरामात बसून जात होती, असं काहीतरी वाटत होतं.

घरी जाताना गाडीत तो खुशीत होता. "टोपीआजींनी अखेर पाठवला बरं का फोटो. चुकून त्यांच्या दातांच्या डॉक्टरला, पण पाठवला!" एरवी ती हसली असती. आज तिने फक्त "हं" केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ही शेजारची सीट तिच्या अंगाच्या मापाची झाली होती. पायाखालची रबरी चटई तिच्या टाचांपाशी झिजली होती, आणि ब्रेक नसलेल्या ठिकाणी तिचा उजवा पाय अजूनही नकळत दाबला जायचा. गाडी चालवायला तीही शिकली होती. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. त्याच्या कारखान्यामागचं मोकळं मैदान, संध्याकाळचं ऊन, आणि शेजारी तो. पहिल्या दिवशी बरा होता. दुसऱ्या दिवशी आवाज चढला. "क्लच! क्लच म्हणतोय ना मी! अगं, ब्रेक कुठे मारतेस!" तिसऱ्या दिवशी गाडी आचके देत बंद पडली, मागच्या सीटवरची मुलगी घाबरून रडायला लागली, आणि त्याने हात लांब करून किल्ली काढून घेतली. "राहू दे. तू इकडे ये." दोघं गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडून गेली, तो उजवीकडे, ती डावीकडे. मध्ये एकमेकांकडे पाहिलंही नाही. पुढे तिने हट्टाने शिकवणी लावली, परीक्षा दिली, पास झाली, लायसन्स आलं. तो पेढा मिळाल्यासारखा खूश झाला, सगळ्यांना सांगत सुटला, आणि पहिल्याच रविवारी ती किल्ली घ्यायला गेली तर प्रेमाने म्हणाला, "बाहेर गर्दी बघतेस ना? कशाला जिवाला त्रास? मी आहे ना."

मी आहे ना. या तीन शब्दांवर तिला कधी बोटच ठेवता आलं नव्हतं. बरणीचं झाकण निघत नसलं की मी आहे ना. फोनमध्ये काही अडलं की "दे इकडे, मी करून देतो," आणि खटखट, खटखट, झालं. काय केलं ते विचारायच्या आत फोन परत हातात. शिडीवर चढू नकोस, मी आहे ना. आणि तो खरोखरच असायचा, हीच तर पंचाईत होती. नसता तर भांडता आलं असतं. तिचे पाय दुखले तर न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवणारा माणूस. मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या कहाण्या ऐकून ती नेहमी गप्प बसायची, कारण तिच्याकडे सांगण्यासारखं काही गाऱ्हाणं नव्हतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यावर घर रिकाम्या भांड्यासारखं वाजायला लागलं होतं, तेव्हा त्यानेच ठरवलं होतं, "शनिवार आपला, रविवार दुसऱ्यांचा." शनिवारी तळं, धरण, एखादी टेकडी; रविवारी वाचनालय. शनिवारी तो चालवायचा आणि ती संत्री सोलून एकेक फोड त्याच्या तोंडात द्यायची, रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायची, पाण्याची बाटली मांडीवर धरून बसायची. तिला ते आवडायचं. आवडायचं की नाही? ती स्वतःला विचारत राहिली. आवडायचं. पण सिनेमा आवडावा तसं, काचेपलीकडून.

आठवडाभर तो आवाज तिच्या कानातून जाईना. कामावर तिने स्वतःचाही आवाज ऐकला. इस्पितळात एक्स-रे काढायचं तिचं काम; दिवसभर कुणी ना कुणी मोडकं, मुरगळलेलं माणूस समोर. मनगट मोडलेल्या एका गृहस्थांना ती म्हणत होती, "सावकाश ठेवा हात. दुखतंय ना? माहितीये मला. अजून एकदाच, मग झालंच." काचेमागे जाऊन बटण दाबताना ती थबकली. इतक्या मऊ आवाजात आपण घरी कधी बोललो शेवटचं? काल संध्याकाळीच तर "ओला टॉवेल गादीवर टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं हो!" असं ती खेकसली होती. म्हणजे चोर दोघंही होते. तो त्याच्या काचेच्या कारखान्यात बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधणार, ती माणसं उजेडासमोर धरून तडे शोधणार, आणि चांगला आवाज दोघंही बाहेरच खर्चून घरी रिकामी येणार. हा विचार आला तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं, फिट्टंफाट. पण बरं वाटलं नाही. टॉवेलावरून खेकसणं वेगळं आणि किल्ली काढून घेणं वेगळं. टॉवेल तो उद्याही गादीवर टाकणार होता, तिच्या खेकसण्याने त्याचं काहीच अडलेलं नव्हतं. तिचं मात्र अडलं होतं. काचेपलीकडे ते गृहस्थ बिचारे हात टेबलावर ठेवून, डोळे मिटून बसले होते. तिने बटण दाबलं. आणि त्याच वेळी, का कोण जाणे, तिचं ठरलं.

पुढच्या रविवारी तिने डिंकाचा डबा उघडलाच नाही. पर्स काखोटीला मारून ती सरळ नवऱ्याच्या टेबलासमोरच्या बाकावर, रांगेत जाऊन बसली. पुढे टोपीआजी होत्या. त्या सरकल्या, म्हणाल्या, "अगंबाई, तुमचं काय अडलं? तुमचा तर मास्तर घरातच!" ती नुसती हसली. लहान मुलीसारखं चाललंय आपलं, उठून जावं, असं एकदा वाटूनही गेलं. पण आजींचं झालं आणि ती जाऊन खुर्चीवर बसली.

"काय गं? चहा आला का?" नवऱ्याने वर न बघताच विचारलं.

"नाही. माझा नंबर आलाय."

त्याने चष्मा वर सारला. "म्हणजे?"

"शिकायचंय मला."

"अगं, घरी दाखवतो की! इथे लोक थांबलेत." तो हसला, मागच्या बाकाकडे बघून, काय सांगावं या बायकोला, असं.

"घरी तुम्ही दाखवत नाही, करून टाकता," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण हॉल जुना, छत उंच. सगळ्यांना ऐकू गेलं असावं. "फोनमध्ये रस्त्याचा नकाशा कसा लावायचा ते शिकवा. शनिवारी तळ्यावर जाताना गाडी मी चालवणार आहे."

त्याचे कान लाल झाले. लग्न ठरवायला तो आला होता तेव्हाही असेच झाले होते, हे तिला भलत्या वेळी आठवलं. तो काहीतरी बोलणार होता, ते "मी आहे ना"च असणार, तेवढ्यात मागून टोपीआजी म्हणाल्या, "शिकवा की हो! बायको असली म्हणून काय झालं!" बाकावर हशा पिकला. तो उठून तिच्या बाजूला आला. फोन घ्यायला हात पुढे झाला, मध्येच थांबला, आणि नाइलाजाने पाठीमागे गेला. "हं," तो म्हणाला. घसा साफ केला. "तो... ते निळं चित्र दिसतंय ना, ते दाब." तिने भलतंच दाबलं. त्याने श्वास घेतला. तो श्वास ती ओळखत होती, मैदानावरचा. मग टोपीआजींकडे एकदा बघून तो सोडला. "नाही, त्याच्या शेजारचं. असू दे. पुन्हा करू." आवाज तोच होता की नाही, तिला सांगता आलं नसतं. थोडा उसना होता, थोडा खरा होता. तिने शेजारचं चित्र दाबलं.

आठवडाभर तो मोडता घालायची कारणं शोधत राहिला. टायरमध्ये हवा कमी वाटतेय. माझी पाठ धरलीय, बसवणार नाही. घाटात दगड पडलेत म्हणे. ती प्रत्येकाला उत्तर देत गेली: हवा भरून आणा, पाठ धरली असेल तर चालवण्यापेक्षा शेजारी बसणंच बरं, दगड पडले असतील तर बघून वळू. फोनवर मुलीला कळलं तेव्हा ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "आई, निघायच्या आधी बाबांना बीपीची गोळी दे." मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "मला आठवतंय गं ते मैदान." तिला वाटलं होतं मुलगी विसरली असेल. रात्रभर मग ते एक वाक्य उशाशी राहिलं. बाप ओरडतो आणि आई उतरून पलीकडे जाऊन बसते, एवढंच मुलीने मागच्या सीटवरून पाहिलं होतं. तिने ते किती वर्षं जपून ठेवलं होतं, आणि त्यातून काय घेतलं होतं, कोण जाणे.

शनिवारी सकाळी ती उजवीकडच्या दाराने गाडीत बसली. सीट पुढे ओढली. आरसे स्वतःच्या उंचीला लावले, आणि सगळं जग दोन बोटं खाली सरकलं. शेजारी तो दप्तर धरलेल्या पोरासारखा पाण्याची बाटली घेऊन बसला होता. शिकवणीत शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण पाय परके झाले होते. गाडी आचका देऊन निघाली. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, आणि हळूहळू, तिच्या लक्षातही न येता, तिसरा गिअर पडला. स्टिअरिंगमधून रस्त्याची थरथर तळहातात येत होती. इतकी वर्षं याच रस्त्याने ती गेली होती आणि त्याला असं अंग आहे हे तिला माहीत नव्हतं. एका सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गिल्ला झाला. "क्लच! अगं क्लच सोडू नको! पहिला टाक, पहिला!" त्याचा हात गिअरवर, दुसरा स्टिअरिंगवर. तिने त्याचा हात बाजूला केला, गाडी सुरू केली, चौक ओलांडला, आणि पुढे झाडाखाली कडेला घेऊन थांबवली. हँडब्रेक ओढला.

"वाचनालयात तुम्ही हात पाठीमागे बांधता," ती म्हणाली.

"तिथली गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?"

"अगं, तिथे कुणाचं काय बिघडणार आहे? फोटो गेला तर गेला." तो समोरच्या काचेतून बघत होता. "मला भीती वाटते. तू स्टिअरिंगला हात लावलास की पोटात गोळा येतो. तेव्हाही यायचा. भीती वाटली की माझा आवाज चढतो, मला दुसरं काही येतच नाही."

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटत आलं होतं की आपण वाईट चालवतो, आपल्याला जमत नाही, म्हणून तो चिडतो. इतकी वर्षं तिने त्याच्या भीतीला आपला अडाणीपणा समजून सांभाळलं होतं. तिला एकदम त्याची दया आली, आणि दयेमागोमाग, नेहमीसारखं, मग राहू दे, बसा तुम्ही इकडे, असं म्हणायची इच्छाही आली. ती तिने गिळली. इथेच आपण दर वेळी उतरतो, तिच्या मनात आलं. त्याच्या ओरडण्याने नाही, आपल्या दयेने.

"मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुम्ही खुशाल घाबरा. पण गप्प बसून घाबरा."

त्याच्या तोंडून हसू फुटलं, एकच, आखूड. त्याने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सारले.

तळ्याकडचा शेवटचा चढ अरुंद होता. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली झुडपं. अर्ध्यावर वळणातून विटांचा ट्रक समोर आला. त्याला मागे जाणं शक्य नव्हतं. ट्रकवाल्याने हात हलवून तिला मागे जायची खूण केली. गाडी रिव्हर्स घेणं तिला शिकवणीतही धड जमलं नव्हतं. शेजारी हालचाल झाली. त्याने बेल्ट सोडला होता, दाराला हात घातला होता. "उतर तू. इथे खरंच नको. मी घेतो मागे." ओरडला नव्हता. विनवत होता. तिने खाली उताराकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला उतरायचंच होतं.

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. "मागे जाऊन उभे राहा. रस्ता किती आहे तेवढं दाखवा."

तो उतरला. आरशात तो लहान दिसत होता, वाऱ्याने केस उडालेले, दोन्ही हात वर. त्याचे हातवारे तिला नीट कळत नव्हते. कधी ये म्हणत होता, कधी थांब, कधी दोन्ही एकदम. काही वेळाने तिने त्याच्याकडे बघणं कमी केलं आणि रस्त्याच्या कडेकडे बघू लागली. मागचं चाक गवतावर चढलं. थांबली. जरा पुढे घेतली. पुन्हा मागे. ट्रकवाला इंजिन बंद करून कोपर खिडकीवर टेकवून बसला होता, जणू त्याला आजचा सगळा दिवस मोकळा होता. पाठीला घामाने सीट चिकटली. वळणाआधीची रुंद जागा अखेर आली, गाडी तिरकी का होईना, आत शिरली, आणि ट्रक धूळ उडवत, एक हॉर्न देत उतरून गेला. धुळीतून नवरा चालत आला. सवयीने तिच्याच बाजूच्या दारापाशी आला, खिडकीशी थांबला. चेहरा पांढरा पडला होता. मग गाडीला पुढून वळसा घालून तो आपल्या जागी बसला.

तळ्यावर पोचल्यावर तिला उतरताच येईना. दार उघडून, पाय जमिनीवर टेकवून, ती सीटवरच बसून राहिली आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो समोर गवतावर बसला. त्याने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, आणि फोड तिच्यापुढे धरली. पाण्यावरून वारा येत होता. "ते मैदान," तो शेवटी म्हणाला, "मी तेव्हा किल्ली काढून घ्यायला नको होती." ती म्हणाली, "नको होती." त्याला वाटलं असेल, ती पुढे असू दे म्हणेल. ती म्हणाली नाही. त्याने मान हलवली आणि सालं गोळा करून पिशवीत भरली.

"जातानाही मीच," ती उठत म्हणाली.

"हो."

उतारावर तो मांड्यांखाली हात घेऊन ताठ बसला होता. घाट संपला, सपाट रस्ता लागला, ऊन कलायला लागलं, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की शेजारून काहीच आवाज येत नाही. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो झोपला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मोकळे पडलेले. गाडीत त्याला झोपलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. दमला म्हणून झोपला, की विश्वासाने, हा विचार तिला आला आणि तिने तो तिथेच सोडून दिला. त्याचं उत्तर तिला नको होतं. शहर जवळ आलं. दुचाक्या, बस, मध्येच धावत सुटलेला कुत्रा, सगळं एकदम अंगावर आलं. कुणी क्लच म्हणालं नाही, कुणी वा म्हणालं नाही. तिने एका बसला वाट दिली, दुसऱ्या बसला दिली नाही. सिग्नलला गाडी थांबली, आणि हिरवा दिवा लागल्यावर, आपणहून चालल्यासारखी, निघाली.

घराची गल्ली आली. तिने वेग कमी केला, वळायचा दिवा लावला. टिकटिक ऐकू यायला लागली. शेजारी त्याचा श्वास संथ चालू होता. गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याचं दुकान, त्यापुढे आपलं फाटक, इथूनही दिसत होतं. तिने दिवा बंद केला, आरशात मागे पाहिलं, आणि गाडी सरळ पुढे नेली, ज्या रस्त्याने त्यांची जोडी कधीच कुठे गेलेली नव्हती.